वकील तुमचा, वकील त्यांचा, मार आमचा

तिसरी पाळी सुटली की सूतगिरणीच्या गेटासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतो. अंगावर कापूस, डोळ्यांत झोप, कानांत अजून रिंगफ्रेमचा आवाज. त्या टपरीवर दोन कार्यकर्ते रोज सकाळी पेपर वाचतात आणि रोज भांडतात. दोघांचे पक्ष वेगळे, उधारीची वही एकच. गेल्या आठवड्यात भांडण लागलं ते सरकारी वकिलावरनं. आमच्या जिल्ह्यातला एक सरकारी वकील सरकारनं काढला, त्याच्या जागी दुसरा बसवला.

पहिला म्हणाला, "आमचा माणूस व्हता म्हणून काढला. सूड हाये हा."

दुसरा म्हणाला, "आन् तुमचं सरकार आलं तवा आमचा काढला, ती काय पूजा घातली व्हती का?"

"तुमचा बिनकामाचा व्हता."

"तुमचा तर कोर्टात झोपायचा."

टपरी हसली. मीपण हसलो. मग माझं हसू घशात अडकलं. त्यांनी घेतलेल्या दोन नावांतलं एक नाव माझ्या मामीच्या केसमधलं होतं.

दोस्तांनो, दोघंही खरं बोलत होते. तुम्ही आमचा काढला, आम्ही तुमचा काढला. हिशोब बरोबर, तोंडमिळवणी झाली. पेपरात अग्रलेख लिहिणारे पांढरपेशे विद्वानसुद्धा हाच हिशोब घालतात, फक्त त्यांची भाषा इस्त्रीची असते. एक म्हणतो लोकशाहीची हत्या, दुसरा म्हणतो तुमच्या काळातली हत्या विसरलात काय. या दोन हत्यांच्या मधे जो खराखुरा मार खाल्लेला माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात उकिडवा बसलाय, त्याला कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतोय. मला कायद्याची डिगरी नाही. दहावीनंतर जे वाचलं ते पाळी संपल्यावर, वाचनालयाचं दार बंद होईतोवर.

आधी मामीचं सांगतो.

२०१७ च्या उन्हाळ्यात मामाच्या पोराचं लग्न होतं. वरात मारुतीच्या पारावरून न्यायची नाही, असा गावाचा हुकूम. पोरांनी ऐकलं नाही. नवरदेव घोड्यावर, पुढं बेंजो, गाणं बाबासाहेबांचं. पारापाशी काठ्या निघाल्या. मामाचा उजवा हात कोपरापाशी मोडला. मामा गवंडी. त्यानंतर त्यानं थापी धरली नाही.

ॲट्रॉसिटी लागली. खटल्याचं नाव काय? सरकार विरुद्ध अमुक अमुक. मामाचं नाव कुठं? साक्षीदारांच्या यादीत. आम्हांला वाटलं होतं खटला मामाचा आहे. नाही. फौजदारी खटला सरकारचा असतो. हात मामाचा मोडला, पण कायद्याच्या वहीत तो सरकारचा हात. त्यामुळे त्या हाताच्या बाजूनं बोलायचं कुणी, तेही सरकार ठरवणार. ज्याला आपण सरकारी वकील म्हणतो तोच आपला वकील, दुसरा कुणी नाही.

पहिला सरकारी वकील होता तो कुठल्या जातीचा, कुठल्या पक्षाचा, आम्हांला ठाऊक नव्हतं. विचारायचं सुचलंही नाही. तो मामीला बाकावर बसवायचा आणि सांगायचा, "मावशी, आरोपीचा वकील असं असं विचारील. घाबरायचं नाही. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं." एवढंच. पण आयुष्यात पहिल्यांदा एका काळ्या कोटवाल्यानं मामीला बाकावर बसवलं होतं.

२०१९ च्या शेवटाला मुंबईत सरकार बदललं. पुढं काही तारखांनी तो वकील दिसेना. मामीनं पट्टेवाल्याला विचारलं. पट्टेवाला म्हणाला, "त्यांना काढलं." का? "सरकार बदललं नव्हं."

दुसरा आला. त्याचे कागद वाचून होतायत तोवर कोरोना आला, कोर्ट बंद. कोर्ट उघडलं, तो बरा का वाईट हे कळायच्या आत २०२२ च्या जूनमधी सरकार पुन्हा बदललं. तिसरा आला. त्यानं व्हरांड्यातनं चालता चालता मामीला विचारलं, "तुमची केस कसली?"

पाच वर्षं झाली होती. मामी म्हणाली, "हाताची."

मधल्या काळात दोन साक्षीदार फितूर झाले. का होणार नाहीत? वकील बदलला की बातमी आमच्या आधी गावात पोचायची. पारावर बसून लोक म्हणायचे, "तुमचा वकील गेला की रं." ज्याला त्याच गावात उद्या मजुरीला जायचंय, तो किती दिवस ताठ राहील?

आता टपरीवरच्या दोघांनाही माझा एकच सवाल आहे. या तिघांतला आमचा माणूस कोण? पहिला तुमचा होता, दुसरा त्यांचा होता, तिसरा पुन्हा तुमचा. आमचा कुठाय?

गिरणीत हेच असतं. जॉबर बदलला की बदली कामगार बदलतात. नवा जॉबर आपल्या गावची पोरं आणतो, जुन्याची पोरं गेटाबाहेर. पण गिरणीत निदान धागा तुटला तर जोडता येतो. कोर्टात साक्ष तुटली की तुटली.

तुम्ही म्हणाल, हे एका गावाचं झालं. मग मोठं घेऊ.

उत्तर प्रदेशात १९८९ च्या डिसेंबरात सरकार बदललं. ६ फेब्रुवारी १९९० ला एक परिपत्रक निघालं. राज्यातल्या एकूणएक जिल्ह्यांतले सगळेच्या सगळे सरकारी वकील २८ फेब्रुवारीपासून घरी. ज्याची मुदत संपली तोही, ज्याची राहिली तोही. जो चांगला लढत होता तोही, जो झोपत होता तोही. कुणाच्या कामाची चौकशी नाही, कुणावर ठपका नाही. एक कागद, आणि सगळ्या जिल्ह्यांच्या कोर्टांतल्या फायली अनाथ. त्या वकिलांतले काही सर्वोच्च न्यायालयात गेले. श्रीलेखा विद्यार्थी यांच्या नावानं तो खटला ओळखला जातो. २० सप्टेंबर १९९० ला न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. म्हणालं, सरकारी वकील म्हणजे सरकारनं घरच्या कामाला लावलेला खासगी वकील नव्हे, त्या जागेला सार्वजनिक अंग आहे. सरकारला लहर आली म्हणून काढता येणार नाही. घटनेचं कलम १४ तिथंही लागू आहे.

टाळ्या वाजवू नका. पुढं ऐका. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मधे लिहिलं होतं की जिल्ह्याच्या सरकारी वकिलांची यादी जिल्हाधिकाऱ्यानं सत्र न्यायाधीशाशी सल्लामसलत करून करायची. म्हणजे ज्या न्यायाधीशापुढं तो वकील रोज उभा राहतो, त्याला विचारून. उत्तर प्रदेशनं १९९१ साली, निकालाला वर्ष व्हायच्या आत, कायदा क्रमांक १८ करून त्या कलमातली ही पोटकलमंच आपल्या राज्यापुरती काढून टाकली. न्यायालयानं मागचं दार लावलं, सरकारनं भिंतच पाडली.

आणि उत्तर प्रदेशाला हसायचं कारण नाही. आपला महाराष्ट्र, तोच तो पुरोगामी, शाहू-फुले-आंबेडकरांचा, भाषणात रोज तीन वेळा नाव घेणारा, त्यानं हे दहा वर्षं आधी केलं होतं. १९८१ चा महाराष्ट्र कायदा क्रमांक ३४. "सत्र न्यायाधीशाशी सल्लामसलत करून" हे शब्द गेले. त्या जागी आले "राज्य सरकारच्या मंजुरीनं". उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलासाठी उच्च न्यायालयाचा सल्ला घ्यायचा, तेही शब्द गेले. त्यानंतर या राज्यात सगळ्या रंगांची सरकारं आली. कुणाच्याही राजवटीत कुणाला हे शब्द परत घालावेसे वाटले नाहीत. विरोधात असताना ओरडायचं, सत्तेत आलं की तोच कायदा खिशात घालायचा. ती जुनी संहिता १ जुलै २०२४ ला गेली, तिच्या जागी नवी आली. पण चाळीस वर्षांत लागलेली खोड कायद्याचं नाव बदलून जात नाही.

सरकारी वकील बदलून काय साधतं, हे बघायचं तर बिहारकडं बघा. जगन्नाथ मिश्र मुख्यमंत्रिपदावरून गेले, दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं, त्यांच्यावर पाटण्याच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात भ्रष्टाचाराचा खटला झाला. १९८० साली तेच परत मुख्यमंत्री झाले. १९८१ साली जुन्या विशेष सरकारी वकिलाची नेमणूक रद्द, नवा आला, आणि नव्यानं कोर्टात अर्ज दिला की सरकारला हा खटला मागं घ्यायचाय. आरोपी मुख्यमंत्री, खटला चालवणारं सरकार त्याचंच, वकील त्या सरकारचा. शिवनंदन पासवान याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८२ साली दोन विरुद्ध एक असे हरले. पुन्हा गेले. १९८६ च्या डिसेंबरात पाच न्यायमूर्तींपुढं तीन विरुद्ध दोन असे हरले. खटला मागं गेला तो गेलाच. एका बाजूचे म्हणाले, खटलाच राजकीय होता. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, मागं घेणंच राजकीय होतं. त्या बँकेत ज्यांनी पै-पै ठेवली, त्यांचं म्हणणं कुणाच्या बाजूत बसत नव्हतं.

हे फक्त आपल्याकडंच असं नाही. अमेरिकेत तर सरकारी वकील उघड उघड पक्षाचाच असतो. तिथं केंद्राचे ९३ मुख्य सरकारी वकील, प्रत्येकाला राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देतं, राष्ट्राध्यक्ष काढू शकतो. १९९३ साली क्लिंटन आले आणि त्यांनी जवळजवळ सगळ्यांचे राजीनामे मागितले. ७ डिसेंबर २००६ ला बुशच्या सरकारनं एका दिवसात सात जणांना जायला सांगितलं. हे सातही जण बुशनंच नेमलेले. मग भांडण लागलं. डेमोक्रॅट म्हणाले, हा न्यायाचा खून. रिपब्लिकन म्हणाले, क्लिंटननं तर सगळेच काढले, तेव्हा तुम्ही गप्प का? टपरीवरचंच भांडण, फक्त सूट-टायमधे. शेवटी २००७ साली तिथले न्यायखात्याचे प्रमुख अल्बर्टो गोन्झालेस यांना राजीनामा द्यावा लागला.

पण त्या गदारोळात एक गोष्ट होती, ती आपण बघायची. काढलेल्यांत न्यू मेक्सिकोचे डेव्हिड इग्लेसियस होते, वॉशिंग्टन राज्याचे जॉन मॅके होते. त्यांच्याच पक्षाच्या लोकांची तक्रार होती की हे बोगस मतदानाचे खटले भरत नाहीत. बोगस मतदानाची बोंब अमेरिकेत कुणाच्या वस्तीकडं तोंड करून मारली जाते? काळ्यांच्या, गरिबांच्या, स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या. ज्या काळ्यांना १९६५ साली मताच्या हक्काचा कायदा होईपर्यंत दक्षिणेत बूथपर्यंत जाऊ देत नव्हते, त्यांच्याच नातवंडांवर संशय. मॅके म्हणाले, पुरावा सापडला नाही. पुरावा नसताना खटला न भरणं हीच सरकारी वकिलाची खरी नोकरी. खटला न भरल्याची शिक्षा वकिलाला होते, तेव्हा त्या काठीचं दुसरं टोक कुठल्या वस्तीवर पडणार होतं हे बघा. ज्यांच्या पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत नाव घेतलं, त्यांचं आणि आपलं इथं एकच दुखणं आहे.

आता घराजवळ या. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात स्फोट झाला, सहा माणसं मेली. त्या खटल्यात विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन होत्या. २०१५ च्या जूनमधे त्यांनी उघड सांगितलं की दिल्लीत नवं सरकार आल्यापासून आपल्याला या केसमधे नरम राहायला सांगितलं गेलं, आणि आता आपण नको आहोत असं कळवलं गेलं. तपास यंत्रणेनं हे नाकारलं. दोन्ही पक्षांनी नेहमीची भाषणं केली. ३१ जुलै २०२५ ला खास न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. त्या आरोपींनी गुन्हा केला का नाही, ते मी ठरवणारा कोण? मी एवढंच म्हणतो की मेलेल्या सहांच्या घरच्यांना सतरा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, तुमच्या बाजूनं कुणी बोलावं असं तुम्हांला वाटतं?

आणि दुसऱ्या टोकाला उज्ज्वल निकम. राज्यातले सगळ्यांत गाजलेले विशेष सरकारी वकील. २०२४ साली ते एका पक्षाच्या तिकिटावर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, पडले, आणि त्याच वर्षी परत विशेष सरकारी वकील झाले. विरोधकांनी ओरड केली. २०२५ साली ते राष्ट्रपतींनी नेमलेले खासदार म्हणून राज्यसभेत गेले. हेच निकम खैरलांजीच्या खटल्यात सरकारी वकील होते. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सांगितली, पण ॲट्रॉसिटी लागत नाही म्हणालं. २०१० साली नागपूरला फाशीची पंचवीस वर्षं झाली. वकील नामांकित होता, निकाल लागला, शिक्षा झाली, आणि तरी ज्या गोष्टीपायी ती माणसं मेली ती जात कोर्टाच्या कागदावर आलीच नाही. मी एकट्या वकिलाला दोष देत नाही. पोलीस, पंचनामा, सगळा गावगाडा त्यात होता. पण मोठं नाव मिळालं की आपण गप्प बसायचं, हेही आता पुरे.

इथं कुणीतरी नक्की म्हणणार, "मग काय सरकारी वकील कधी काढायचाच नाही का? हे तर सरकारी वकिलांची युनियन झाली."

नाही बाबा. काढायचा. माझं म्हणणं उलटं आहे. काढायचाच आहे, पण कुणासाठी आणि कशासाठी? याचा नियम आपल्याकडं १९९५ पासून छापलेला आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांतला चौथा नियम. जिल्हाधिकारी आणि सरकारी वकिलांच्या खात्याचे प्रमुख यांनी वर्षातून निदान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा घ्यायचा. ज्यानं केस जमेल तितक्या ताकदीनं आणि काळजीनं लढवली नाही, त्याचं नाव सरकारनं यादीतून काढायचं, आणि कारण लेखी लिहून ठेवायचं. त्याच नियमात पुढं म्हटलंय की मार खाल्लेल्यानं मागणी केली तर जिल्हाधिकारी त्याच्या केससाठी नामवंत ज्येष्ठ वकील लावू शकतो.

वाचा पुन्हा. काळजीनं लढवली नाही म्हणून काढायचा. कारण लेखी. आढावा वर्षातून दोनदा. आता तुमच्या जिल्ह्यात जा आणि विचारा, गेल्या जुलैचा आढावा कुठाय? दाखवा कागद. बघा काय उत्तर येतं. आमच्याकडं मी विचारलं, तर टेबलामागच्या साहेबानं मलाच विचारलं, "तुम्ही कुठल्या संघटनेचे?" संघटना नसेल तर माणसाला नियम लागू होत नाही वाटतं.

म्हणजे बघा कशी गंमत आहे. सरकारी वकील दोन कारणांनी काढता येतो. एक, त्यानं दलिताची केस वाऱ्यावर सोडली म्हणून. दोन, तो मागच्या सरकारचा म्हणून. पहिल्या कारणासाठी नियम आहे, पण कुणाला त्याची घाई नाही. दुसऱ्याला नियम नाही, पण सरकार बदललं की त्याचा कागद आधी निघतो. आणि पेपरवाले, पुढारी, विद्वान, सगळे दुसऱ्या कारणावर भांडतात. पहिल्यावर भांडायला कुणाला वेळ नाही.

आपल्यातल्यांनाही बोलतो, राग आला तरी चालेल. आपले गट किती, मोजायला बोटं पुरत नाहीत. सरकार बदललं की आपलेही नेते बंगल्यावर जातात, हातात चिठ्ठी असते, "साहेब, आमच्या एका पोराला पॅनेलवर घ्या." तो पोरगा चांगला असेल, आपल्या समाजाचा असेल. पण तो चिठ्ठीवर आला तर चिठ्ठीवर जाणार. आणि चिठ्ठी देणाऱ्याचा फोन आला तर आपल्याच मामीच्या केसमधे तो काय करील? जातीचा माणूस बसवला म्हणजे न्याय बसला, असं बाबासाहेबांनी कधी शिकवलं नाही. न्यायखातं कारभाऱ्याच्या हातातून वेगळं काढा, हे कलम ५० राज्यघटनेत यावं म्हणून घटना समितीत १९४८ साली मांडणारे बाबासाहेबच होते. न्यायाधीश वेगळा झाला. पण न्यायाधीशापुढं आमच्या बाजूनं बोलणारा माणूस कारभाऱ्याच्याच खिशात राहिला. ते काम राहिलेलं आहे, आणि ते आपलं काम आहे.

चवदार तळ्याचं आठवा. १९२७ साली महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि इतरांवर दिवाणी दावा लावला. दहा वर्षं चालला, १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टात आपण जिंकलो. दहा वर्षांत मुंबईचा कारभार बदलला, लाटसाहेब बदलले. पण आपला वकील कुणाला काढता आला नाही, कारण तो आपला होता, सरकारचा नव्हता. दिवाणी दाव्यात ते जमतं. मार खाल्ल्यावर, खून झाल्यावर ते जमत नाही. तिथं आपली जीभ सरकारजमा असते.

आणि त्यातूनही माणसांनी वाट काढलेली आहे. आंध्रात तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यात चुंडूर. ६ ऑगस्ट १९९१, आठ दलित मारले. तिथले लोक गाव सोडून बाहेर पडले आणि मागणी धरून बसले. कोर्ट आमच्या गावात भरवा, आणि सरकारी वकील आम्ही सांगू तो द्या. हसले असतील लोक. पण शेवटी कोर्ट चुंडूरमधेच भरलं, आणि लोकांनी मागितलेला, नागरी हक्कांच्या चळवळीतला बी. चंद्रशेखर हा विशेष सरकारी वकील मिळाला. ३१ जुलै २००७ ला एकवीस जणांना जन्मठेप लागली. सोळा वर्षं लागली, पण साक्षीदार उभे राहिले, कारण पुढं उभा असलेला काळा कोट आपला आहे हे त्यांना माहीत होतं. पुढं २०१४ साली हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं. लपवत नाही मी ते. आपला वकील मिळाला म्हणजे न्याय मिळेलच असं नाही. पण आपली बाजू निदान कोर्टात पूर्ण बोलली गेली, हे काय थोडं आहे? मामीला विचारा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

सरकार बदललं म्हणून चालू केसमधला सरकारी वकील बदलायचा नाही. काढायचा तर नियम चारप्रमाणं, लेखी कारण देऊन, आणि ते कारण फिर्यादीला वाचून दाखवून. काढायच्या आधी ज्याची केस आहे त्याला विचारायचं, हा वकील तुला बाकावर बसवतो का व्हरांड्यात ठेवतो? २०१६ पासून लागू असलेल्या ॲट्रॉसिटी दुरुस्तीत १५-अ हे कलम आहे. कोर्टातल्या प्रत्येक कारवाईची वेळेवर खबर पीडिताला द्यायची, ती विशेष सरकारी वकिलानं किंवा सरकारनं द्यायची. दोन वेळा वकील बदलला, मामीला खबर पट्टेवाल्यानं दिली. त्या पट्टेवाल्याला सरकारनं निदान एक चहा पाजावा.

आणि नव्या संहितेच्या कलम ३६० मधे एक ओळ आली आहे, ती पाठ करा. सरकारी वकिलाला खटला मागं घ्यायचा असेल तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टानं परवानगी द्यायची नाही. खटला मागं घेताना आम्हांला विचारावं लागतं, तर खटला लढवणारा मागं घेताना का नाही? वकील उचलून नेणं हेही खटला मागं घेणंच आहे, हप्त्याहप्त्यानं.

टपरीवरच्या दोघांना मी हे सगळं सांगितलं. पहिला म्हणाला, "तुझं बरोबर हाये, आमचं सरकार आलं की करू." दुसरा म्हणाला, "तुझं बरोबर हाये, पन आत्ताच का बोलतोस? त्यांच्या टायमाला का नाही बोललास?" मी चहाचे पैसे दिले आणि निघालो.

मामीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी खाड्याचा अर्ज टाकलाय. या वेळी मी मामीबरोबर जाणार, चौथ्या नियमाचा छापील कागद खिशात घेऊन. जो कुणी वकील असेल त्याला सांगणार, साहेब, तुम्ही कुणाचे ते आम्हांला नको. आधी हिला बाकावर बसवा, मग फाईल उघडा.

जयभीम.